सोमवारची गोळी

“महिन्याच्या तीस गोळ्या, अक्का. आज महिना संपला, तरी यात अकरा शिल्लक कशा?”

उज्वलाने औषधाचा डबा पलंगावर उपडा केला होता. सात वर्षांनी ही धाकटी बहीण नायगावच्या घरात पाऊल टाकत होती, आणि टाकल्या टाकल्या तिने झडतीच घेतली! महानंदाला मात्र तिचा राग जणू गोदावरीच्या पैलतीरावरून येत असल्यासारखा वाटत होता. सोमवार होता, काल रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि अशा दुपारी तिला सगळं घरच हलकं होऊन तरंगायला लागल्याचा भास व्हायचा... समोर प्राध्यापिका उज्वला नव्हतीच मुळी. दोन वेण्या घातलेली, लातूरच्या वसतिगृहाच्या दारात रडत उभी असलेली पोर होती.

आई गेली तेव्हा ती पोर चार वर्षांची होती आणि महानंदा एकोणीसची. आलेली तीन स्थळं महानंदाने परत पाठवली, चौथं आलंच नाही. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही, असं ती सांगायची, आणि लोकांनाही ते खरं मानणं सोयीचं होतं. सल होता तो दुसराच. उज्वलाने धर्माबादच्या सत्यमशी आपल्या पसंतीने लग्न केलं आणि त्या लग्नाला महानंदा गेली नाही. जिने आईची माया दिली तिनेच मांडवाकडे पाठ फिरवली, हे उज्वलाच्या जिव्हारी लागलं आणि तिने बोलणंच टाकलं.

आज ती आली ती वडिलांमुळे, किशनरावांमुळे. महानंदाला रक्ताचा कर्करोग होता; रोजच्या एका गोळीवर तो वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो असा. पण या खेपेच्या तपासणीत रोगाचा आकडा एकदम चढला, गोळी लागू पडेनाशी झाली की काय अशी शंका डॉक्टरांनी बोलून दाखवली, आणि म्हाताऱ्याने कुणाला न विचारता ती फाईल काखेत मारून थेट नांदेडला उज्वलाचं कॉलेज गाठलं. पोरीने याच विषयात डॉक्टरेट केलीय, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

“जेवल्याशिवाय घ्यायची न्हाई म्हणले होते डाक्टर,” महानंदा पुटपुटली. “मग उपासाला कशी घेऊ?”

उज्वला खाली बसली. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या... बोटांवर मोजून अकरा भरले. थोडा साबुदाणा खाऊन घे म्हणावं, तर उपवास निरंकार बोललेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच सुटायचे.

मग तिने समजावून सांगितलं. पेशीपेशीत निरोप पोचवणारी प्रथिनं असतात, त्यातल्या एका घराण्याला टायरोसिन कायनेज म्हणतात. आता वाढा, आता थांबा, असे त्यांचे निरोप. महानंदाच्या रक्तात दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आणि एक असं कायनेज जन्माला आलं, ज्याला ‘थांबा’ ठाऊकच नाही.

“मोटारीचं बटन अडकल्यावानी?” महानंदाने डोळे मिटूनच विचारलं. “पाणी भरून गेलं तरी चालूच?”

“हाव, अक्का. तसंच.” उज्वलाचा आवाज जरासा ओला झाला. गोळी त्या कायनेजच्या खाचेत जाऊन बसते, म्हणून ते गप्प राहतं, ती म्हणाली. घेतली नाही की पुन्हा सुरू. आणि वारंवार अशी मोकळीक मिळाली तर कधी कधी ते आपलं रूपच पालटतं, मग ती गोळी तिथे बसतच नाही.

महानंदा शांतपणे हसली. सगळं पटलं होतं. पण बोललेला उपवास देवाला बोललेला असतो. तो कसा मोडायचा? आपल्या जिवाला काही झालं तरी चालेल, तिच्या जिवाला... ती एवढंच म्हणाली की आता राहू दे.

चिडून उज्वलाने फाईल उघडली. सगळ्यात खालचा, पहिल्या तपासणीचा कागद हाती आला आणि तिचा हात थबकला. तारीख तिच्या लग्नाच्या चार दिवस आधीची होती!

“आबा,” तिने दाराकडे पाहिलं, “हे तुम्हाला माहीत होतं?”

किशनराव उंबऱ्यावर टेकले होते. “शपथ घातली होती तिनं. तुला कळलं तर लगीन पुढं ढकलशील म्हणली. दवाखान्यात पडून होती, लेकरा. आणि हे सोमवार तू लातूरला गेलीस तवापासूनचे हायेत. गुरुवार तुझ्या लग्नापासूनचे. सगळे तुझ्यासाठीच.”

सात वर्षांचा तो ताठा, तो अहंकार, कुठल्या तोंडाने आता जपायचा? उज्वलाने अक्काच्या कुशीत तोंड खुपसलं आणि लहानपणीसारखी हमसून हमसून रडली. महानंदा तिचे केस विंचरत राहिली, बोटांनीच.

मग उज्वला उठली, देवघरातून नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन आली. सासूला झेपेनासे झालेले उपवासाचे वार सुनेच्या ओटीत घालून तिच्या हाती सोपवायची रीत तिकडे घरोघर आहे. देवाधर्मावरून आयुष्यभर अक्काशी वाद घालणाऱ्या त्या बाईने जमिनीवर बसून पदर पसरला.

“तुझे सगळे वार मला दे, अक्का. आजपासून मी धरते. तुझ्यासाठी.”

“तुला उपास निघतो का गं? लई भूक लागती तुला.”

“लागू दे.”

महानंदाने नारळ-तांदळाने तिची ओटी भरली. उज्वलाने ज्वारीची भाकरी आणि वरण वाढलं आणि समोर बसून शेवटच्या घासापर्यंत तिला जेवू घातलं. पेलाभर पाण्याबरोबर सोमवारची गोळी गिळताना महानंदाने बहिणीकडे पाहिलं. नांदेडहून काही न खाताच निघालेली ती. ओठ सुकले होते, पोटात कावळे ओरडत असणार, आणि ताटाकडे मुळीच न बघण्याचा तिचा प्रयत्न स्पष्ट दिसत होता. महानंदाला रडू आवरेना. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासाठी उपाशी राहिलं होतं.