तारेच्या गालावर चार हात

यांगजोमची आणि ग्युर्मेची पहिली ओळख झाली ती त्याच्या पायामुळे. म्हणजे ती काही त्याच्या पाया पडायला गेली नव्हती. पायच तिच्याकडे आला. सकाळी गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, जुन्या छतातून धाडकन एक पाय खाली उतरला... गुडघ्यापर्यंत चिखलानं बरबटलेला, लोकरी बुटातला... आणि तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर लोंबकळायला लागला. पाठोपाठ पाटीभर माती.

"आई गं!" वरून आवाज आला.

"पाय वर घे! आधी पाय वर घे, मेल्या!"

पाय दोनदा झाडला गेला आणि नाहीसा झाला. पण जाता जाता मातीचं एक ढेकूळ, ती उभी होती त्या परांचीवरून भिंतीला दिलेल्या टेकूवर आदळलं. टेकू सरकला, परांचीवरून थेट खालच्या फरशीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. टेकूनं भिंतीवर दाबून धरलेली, गादी लावलेली फळीही त्याच्यामागे गेली.

यांगजोमनं दोन्ही तळवे भिंतीला लावले. तिच्या हाताखाली भिंतीवर रंगवलेल्या हिरव्या तारादेवीचा चेहरा होता. सहाशे वर्षांचा. आणि तो हलत होता.

चेहऱ्यामागचा गिलावा भिंतीपासून सुटून पोकळ झाला होता. त्या पोकळीत मातीचा पातळ गारा पिचकारीनं भरून टेकू द्यायचा, हे काम ती चार वर्षं शिकत होती. ही पहिलीच भिंत गेन-लांनी, तिच्या गुरुजींनी, एकटीच्या हवाली केली होती. नदीकाठच्या गावाला सरस आणायला जाताना त्यांनी बजावलं होतं, "छतावरची नवी माती कुटतील त्या दिवशी भिंतीत गारा भरायचा नाही." तिला वाटलं, कुटायला सुरुवात होईस्तोवर आपलं आटपेल. आता गारा ओला होता, टेकू मोडला होता, आणि हात काढले असते तर तारेच्या चेहऱ्याची माती झाली असती.

धप्... धप्... छताच्या दुसऱ्या टोकाला कुटणं पुन्हा सुरू झालं. काठ्यांना बसवलेले चपटे दगड, वीस माणसं, दोन ओळी आणि गाणं. प्रत्येक ठोका भिंतीतून उतरून तिच्या मनगटात येत होता.

दारात कुणीतरी खाकरलं. टोपी हातात, एक पाय लंगडत.

"लागलं तर नाही ना? तो... पाय माझाच होता."

"ओळखला. वर चढ."

"कुठे?"

"इथे, परांचीवर! हळू... हळू म्हटलं ना! हात अंगरख्याला पूस. आता इथे ठेव. गालाखाली. दाबायचं नाही, नुसतं धरायचं."

त्यानं धरलं. जागा एवढीशी, की त्याचा डावा तळवा अर्धा भिंतीवर आणि अर्धा तिच्या बोटांवर आला. दोघांनीही तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

"किती वेळ धरायचं?"

"गारा घट्ट होईपर्यंत."

"म्हणजे?"

"संध्याकाळ."

तो हसायला गेला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडलेले, पापण्यांवर माती, आणि डोळ्यांत असं भय, की त्याचं हसू जागीच विरलं.

"नाव काय तुझं?"

"आत्ता नाव विचारतोस?"

"संध्याकाळपर्यंत उभं राहायचंय. हाक काय मारू?"

"...यांगजोम."

"मी ग्युर्मे. वरच्या गावचा. एरवी बरा चालतो मी."

तिला हसू आलं, आणि हसल्यानं हात हलला, आणि दोघांच्या बोटांमधून वाळूसारखं काही झिरपलं. तिनं श्वासच रोखला. ठोके आता जवळ येत होते. कुटणारे मागे मागे सरकत याच भिंतीकडे यायचे, हे तिला ठाऊक होतं.

"त्यांना ओरडून सांग ना!"

"गाणं चालू असताना? घर पेटलं तरी ऐकायचे नाहीत."

"मग जाऊन सांग."

त्यानं हात किंचित सैल केला. भिंतीतून 'कर्र' असा आवाज आला. त्यानं झटकन हात परत ठेवला. यांगजोमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायलाही तिला हात नव्हता.

"रडू नकोस गं," तो हळूच म्हणाला. "मलापण भीती वाटते मग." थोडा वेळ तो वर, त्याच्याच पायानं पडलेल्या भोकाकडे बघत राहिला. "ओरडणं नाही ऐकणार... पण गाणं ऐकतील. मी शेवटचं कडवं म्हणतो."

यांगजोमनं चमकून पाहिलं. शेवटचं कडवं कानावर पडलं की दगड जिथल्या तिथे ठेवायचा आणि त्या दिवशी पुन्हा उचलायचा नाही. उचलला तर छताखालचं माणूस दगावतं, असं त्याचं आणि तिचं, दोन्ही गावं मानत.

"वेड लागलंय? ओला थर अर्धवट राहील. दुपारचा वारा सुटला की तडकून जाईल सगळा."

"जाईल."

"गाणं पुढे म्हणणारा कोण आहे आज?"

"मीच. पहिल्यांदाच दिलंय माझ्याकडे." तो कसनुसा हसला. "पाय आत गेला म्हणून आमचे म्होरके, मेमे सोनाम, सांभाळून घेताहेत. तीस वर्षांत त्यांचा एक थर वाया गेलेला नाही."

"मग नको... लोक तुला पुन्हा गाणं म्हणायला उभं करणार नाहीत."

"छत पुन्हा होतं, यांगजोम. ही पुन्हा होईल का?"

आणि तो गायला लागला. भिंतीला कंप बसू नये म्हणून मान वळवून, थेट भोकात तोंड करून. आवाज खणखणीत, पण शेवटी थोडा कापरा.

वर हशा पिकला. त्यांना वाटलं, लंगडा चहा पिता पिता थट्टा करतोय. ठोके दुप्पट जोरात पडले. तारेच्या कानाजवळचा नखाएवढा निळा तुकडा सुटला आणि यांगजोमच्या मनगटावरून खाली गेला.

"पुन्हा म्हण!" ती किंचाळली. "ग्युर्मे, पुन्हा!"

त्यानं पुन्हा म्हटलं. या वेळी थट्टा कुणालाच ऐकू आली नाही. एक दगड थांबला. मग दुसरा... मग सगळेच. इतकी शांतता झाली, की आपल्या बोटांवरच्या त्याच्या तळव्यातली नाडी उडतेय हे तिला कळलं. की आपलीच उडत होती, कोण जाणे.

मेमे सोनाम तणतणत आत आले. "शेवटचं कडवं म्हणायला तुला कुणी रे..." त्यांनी परांचीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. नवा टेकू त्यांनी स्वतः बसवला, गादीची फळी इंच इंच सरकवत.

"काढा आता हात," ते म्हणाले. "आणि तू रे, नव्या थराची माती उद्या एकट्यानं खणायची. चाळीस पाट्या." जाताना मात्र त्यांनी तारेला हात जोडले.

बाहेर वारा सुटला होता. वरचा थर चिरत असणार. यांगजोम हातांवरचा गारा पुसायला लागली. ग्युर्मेनं ते हात आपल्या हातात धरले.

"वाचली ना ती. मग आता कसली काळजी?"

"गेन-लांना सांगायचंय. चूक माझीच आहे." ती थांबली. "आणि... उद्या माती खणायला मी येऊ?"

दुसऱ्याच्या वाट्याची माती मुलगी खणते ती एकाच नात्यानं, होणाऱ्या बायकोच्या.

"तुमच्या गावात त्याचा अर्थ वेगळा होतो का?" त्यानं जपून विचारलं.

"तोच होतो."

"गावभर होईल. तुला भीती नाही वाटत?"

"वाटते. सकाळपासून वाटतेय तेवढीच." तिनं हात सोडवून घेतले नाहीत. "येताना कुदळी दोन आण."