चौथ्या खणातली डिस्क

दारावरचा लाल दिवा लागलेला असताना आत यायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आत छोटी माइकसमोर बसून कादंबरीतलं मरणाचं पान वाचत होती. आवाज अगदी खाली आणला होता, आणि तेवढ्यात दार ढकलून कुणीतरी विचारलं, "सर्व्हर इथंच आहे का?"

नायिकेचा बाप मरता मरता राहिला.

"बाहेर लाल दिवा दिसला नाही?"

"दिसला ना. सर्व्हरवर लाल दिवा लागलाय म्हणूनच दुरुस्तीला बोलावलं होतं फोन करून... मला वाटलं, हाच तो."

रागवावं की हसावं, छोटीला कळेना. आणि खरं सांगायचं तर तिथून पुढे तिला काहीच नीट कळेना.

हा स्टुडिओ तिच्या मामांचा; ती एवढी मोठी झाली तरी त्यांच्यासाठी छोटीच. अंध वाचकांसाठी इथे पुस्तकं आवाजात उतरवत. वर्षानुवर्षांचं वाचन एकाच सर्व्हरमध्ये, सहा डिस्कवर मिळून ठेवलेलं. एक डिस्क गेली तर उरलेल्या पाच तिचं भरून काढत. दोन एकदम गेल्या की सगळं पाण्यात. आणि चौथ्या खणातली डिस्क बिघडली असं समजून सर्व्हर तिला सारखा कामातून बाहेर काढत होता. या डिस्क छोटीनेच निवडल्या होत्या, त्यामुळे तिच्या जिवाला घोर.

दुरुस्तीला आलेल्या त्या तरुणाने डिस्क नेली, तपासली, परत आणली. "हिला काहीच झालेलं नाही."

चार दिवसांनी ती पुन्हा बाहेर. त्याने केबल बदलली, खण बदलला. मग ती सावरली, तर पाचवी रुसली.

"डिस्क धडधाकट, तरी हा येतोच," मामा चष्म्यावरून बघत म्हणाले. "छोटे, नक्की दुरुस्ती कशाची चाललीय?"

"काय हो मामा, तुमचं काहीतरीच!"

पण तिलाही तोच प्रश्न पडला होता. तो मुद्दाम काम लांबवतोय का? आणि लांबवत असेल तर मग बोलत का नाही? "रविवारी काय करता?" असं तिने एकदा धीर करून विचारलं, तर त्याने आधीच घट्ट असलेला स्क्रू आवळायला घेतला. चुकलंच आपलं, असं तिने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी घसा खवखवल्यावर चघळायच्या गोळ्यांचं पाकीट सर्व्हरवर ठेवलेलं दिसलं.

"तुमचं काहीतरी राहिलंय इथं," तिने फोन केला.

"...असू दे," तो म्हणाला आणि फोन बंद.

आता याचा अर्थ काय लावायचा?

एके दुपारी तो आला, तो चेहरा पाडून. "सापडलं."

"मग रडता कशाला?"

"या डिस्क घरगुती संगणकाच्या आहेत. एखादी जागा वाचता आली नाही, की अशी डिस्क गप्प राहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. घरी चालतं ते. पण इथे सगळ्या डिस्कचा कारभार बघणारा कंट्रोलर काही सेकंद वाट बघतो, आणि ही मेली समजून तिला बाहेर काढतो. सर्व्हरसाठीची डिस्क लगेच सांगते, 'मला जमत नाहीये.' मग तो तेवढं बाकीच्यांकडून घेतो."

"म्हणजे बिचारी प्रयत्न करते, म्हणून तिलाच हाकलायचं?"

"प्रयत्न करते म्हणून नाही. सांगत नाही म्हणून." तो खाली बघत होता. "सर्व्हरसाठीच्या नव्या घेतल्या, की... मला पुन्हा यावं लागणार नाही."

"हो का? बरंच झालं," छोटी म्हणाली, आणि जीभ चावली.

मागवायला उशीर केला तर? तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण एवढी पुस्तकं पणाला लावायची? तिने त्याच संध्याकाळी सहा डिस्क मागवल्या आणि रात्रभर स्वतःवर चिडत राहिली.

त्याने आधी सगळ्याची वेगळी प्रत काढली. मग एकेक डिस्क बदलायची, तिच्यात सगळं भरून होईपर्यंत थांबायचं, मगच पुढची. शेवटची जागेवर बसली, दिवे हिरवे झाले. तो पिशवी आवरू लागला. आवरून झालेली पुन्हा आवरू लागला.

"तुम्ही घरगुती डिस्क आहात की सर्व्हरची?" तिने पाठमोरी उभी राहून विचारलं. "माझाही धीर काही सेकंदांचाच आहे हं."

पिशवीची चेन अर्ध्यावर थांबली.

"जमत नाहीये," तो घाईने म्हणाला. "हे असं... बोलणं. पण मला इथे यायचंय. काही बिघडलेलं नसताना. तुमच्यासाठी."

छोटी वळली. दिवसभर बोलणं हेच जिचं काम, तिच्या तोंडून शब्द फुटेना. एक क्षण गेला... आणखी एक.

"लवकर सांगा हो," तो काकुळतीला आला, "नाहीतर मी समजेन की—"

"काही समजू नका," ती म्हणाली. "या."