पूजेतला लॅपटॉप

ही गोष्ट माझ्यासोबत घडलेली आहे. ऐकीव नाही. पटत नसेल तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही.

त्या लॅपटॉपची बॅटरी आजही माझ्या कपाटात पडून आहे.

आणि हो, मध्यरात्र वगैरे काही नव्हती. नवमीची लख्ख दुपार होती.

साल २००८. चेन्नईतलं नुंगंबाक्कम. मी तिथे एका आयटी कंपनीत होते आणि सेतुमाधव रावांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. राव मंडळी तंजावरकडची मराठी. पिढ्यानपिढ्या तिकडेच राहिलेली. त्यांची मराठी ऐकताना मला आधी हसू यायचं, मग सवय झाली. घरात दोघंच. मामा आणि कनकामामी.

माझी पुण्याला बदली झाली होती. दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी माझी गाडी होती. मी बॅगा भरत बसले होते.

मामी वर आल्या. हातात रेशमी कापडात गुंडाळलेलं काहीतरी.

"तनया, तू कंप्यूटरवाली. हे चालव गं. मामा निजले आहेत, त्यांस सांगू नको."

मुरलीचा लॅपटॉप. जाडजूड, जुना.

मुरली त्यांचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांपूर्वी अशाच नवमीला संध्याकाळी मोटरसायकलवरून चेन्नईजवळच्याच कोवलमला निघाला, आणि वाटेत अपघातात गेला. हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

मुरलीला इंग्रजी बोलायची भीती वाटायची. मुलाखतीची तयारी तो आपलाच आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करून करायचा. मामी स्वयंपाकघरातून ऐकायच्या.

"मज त्याचं तोंड दिसतं," मामी म्हणाल्या. "चालणं दिसतं. पण स्वर येत नाही गं. विसरून गेलें. आई असून विसरून गेलें."

आता यावर नाही कोण म्हणणार? आणि खरं सांगायचं तर मला खुमखुमी होती. ऑफिसात बंद पडलेलं काहीही माझ्याच टेबलावर यायचं.

चार्जर लावला. दिवा नाही.

मीटर लावून पाहिला. चार्जर ठणठणीत. मग बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालतो का ते पाहिलं. तरी दिवा नाही. म्हणजे घोळ लॅपटॉपच्या भोकात, जिथे चार्जरची पिन जाते तिथे. टॉर्च मारला.

आत वाळलेलं चंदन होतं.

चेन्नईत नवमीला सगळ्या हत्यारांची पूजा करतात. आपल्याकडे खंडेनवमी असते तशीच, पण इथे जरा जास्तच मनावर घेतात. पुस्तकं, कात्र्या, स्कूटर, सगळ्यांना चंदन-कुंकू. मुरली गेला त्या दिवशी सकाळी त्याने स्वतः लॅपटॉपला चंदन लावलं होतं. तेव्हाच ओघळ आत गेला असणार. मला हायसं वाटलं. इतकं सोपं!

दातकोरणीने कोरून काढलं, स्पिरिटने पुसलं. बॅटरी बसवली, पिन घातली.

केशरी दिवा लागला!

मामींनी तोंडावर पदर धरला. चार्जिंग होऊ दे म्हणून मी त्यांना खाली पाठवलं.

थोड्या वेळाने पाहिलं, तर दिवा बंद.

पिन उपसली...

पिनेला चंदन होतं. ओलं.

राहिलं असेल, म्हटलं. पुन्हा पुसलं. कोरडं ठक्क केलं. पिन घातली, दिवा लागला. या वेळी मी तिथून हललेच नाही. नजर दिव्यावर.

दिवा माझ्यासमोर विझला.

पिन ओढली... गार, ओलं चंदन. नुकतंच सहाणेवर उगाळल्यासारखं. खोलीभर वास.

आणि तेवढ्यात वीज गेली. त्या दिवसांत रोजच जायची, त्यात नवल नव्हतं. पंखा थांबला. पण बाहेरचा रस्ताही गप्प झाला. एक रिक्षा नाही, एक कावळा नाही.

दारात मामा उभे होते.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"आज पूजेतल्या वस्तूस हात लावू नये, बाळ," ते म्हणाले. "दशमीस सकाळी उचलायची, थोडं काम करायचं, मग पूजा सुटते. त्या वर्षी दशमीस घरात सुतक होतं. कोणी उचललं नाही. ते अजून पूजेतच आहे."

लॅपटॉप उचलून ते खाली गेले. बॅटरी आणि चार्जर माझ्याच टेबलावर राहिले.

रात्री मला धड झोप लागली नाही. चंदनाचा वास जाईना.

दसऱ्याला सकाळी मामींनी हाक मारली. पूजा सोडायची होती. मामींनी कॉफीच्या गिरणीत मूठभर बिया दळल्या. मामांनी पोथीतल्या दोन ओळी वाचल्या. मग पूजेतून मुरलीचा लॅपटॉप उचलला.

"थांबा," मी म्हटलं. "बॅटरी आणि चार्जर वर आहेत. आणते."

मी जिना चढले. दोन्ही वस्तू हातात घेतल्या.

आणि खालून... लॅपटॉप सुरू होतानाची ती धून ऐकू आली.

मग एका मुलाचा आवाज. अडखळत. "गुड मॉर्निंग सर. माय नेम इज मुरली..."

कशी उतरले, आठवत नाही. मामी जमिनीवर बसून रडत होत्या, हसत होत्या. मामांचा हात हवेत तसाच.

"मुहूर्त चुकेल म्हणून मी नुसतं बटण दाबलं," ते पुटपुटले.

लॅपटॉपला वायर नव्हती. खाली बॅटरीचा कप्पा रिकामा. बॅटरी माझ्या हातात होती.

आवाज मध्येच थांबला. कोणीतरी श्वास घेतला. मग इंग्रजी नाही, घरचं बोलणं...

"बॅटरी राहू दे तिकडेच. लागत नाही."

आणि पडदा काळा झाला.

मामा माझ्याकडे पाहत राहिले. मामींना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांना स्वर सापडला होता.

मी त्या दिवशी अक्षरशः पळाले. पुण्यात बॅग उघडली, तर कपड्यांत बॅटरी आणि चार्जर. घाईत दोन्ही माझ्याच सामानात आले होते.

लाजेने वर्षभर फोन केला नाही. पुढच्या दसऱ्याला मामींचाच आला. मामा पावसाळ्यात वारले होते, मला कळलंही नव्हतं. मला रडू आलं. त्या एवढ्या घरात आता मामी एकट्या.

पण मामींचा आवाज खुशीत होता. "आज पूजा सोडली गं. लागला. बोलला."

कपाटातली बॅटरी मला बसल्या जागेवरून दिसत होती.

"मामी," मी कसंबसं म्हटलं, "तुमची बॅटरी, चार्जर माझ्याकडेच राहिलेत. कुरिअरने पाठवून देऊ का?"

"थांब हं."

मामींनी फोनवर हात ठेवला. पलीकडे कुणाला तरी काहीतरी विचारलं.

मग मामी परत आल्या.

"नको म्हणतो."