डॉर्कसचा निवाडा

ओहायो नदीवर पहाटेचे धुके अजून पसरलेले होते. पैलतीरी केंटकी, जिथे माणसाला माणूस विकत घेता येई. ऐलतीरी ओहायो, जिथे कायद्याने ते निषिद्ध होते. आणि या दोन मुलखांच्या सीमेवर, एखाद्या ठाण्यासारखी टेकडीवर उभी असलेली वेल्बर्न गावची दगडी कचेरी सन १८४७च्या त्या दिवशी उजाडण्यापूर्वीच वेढली गेली होती. पैलतीरावरून तीन होड्या भरून बंदूकधारी आले होते. ते आरडाओरडा करीत नव्हते. नुसते पायऱ्यांवर बसून होते. आणि त्या शांततेच्या धाकानेच गावाने दारे लावून घेतली होती.

न्यायाधीश लेमुएल हार्टविक खिडकीतून ते पाहत होते. मोच्याचा हा मुलगा वकिली करून नावारूपाला आला, विधिमंडळात गाजला, न्यायासनावर बसला. आणि उद्याच्या सभेत गव्हर्नरपदासाठी पक्ष त्यांचेच नाव पुकारणार होता. पण त्याआधी आज डॉर्कसचा निवाडा द्यायचा होता. केंटकीतल्या पिकेट नावाच्या जमीनदाराने या गुलाम बाईला स्वतःच ओहायोत आणून दोन वर्षे घरकामाला ठेवले होते. परत नेण्याची वेळ आली तेव्हा ती पळाली आणि तिने कचेरीत आश्रय मागितला. धन्याने आपण होऊन या भूमीवर आणलेला गुलाम मुक्त होतो, असा इथला कायदा होता.

दार उघडून ऑर्विल टेट आत आला. पक्षाचा सूत्रधार आणि हार्टविकांचा वीस वर्षांचा मित्र.

"लेमुएल, निवाडा आठ दिवस तहकूब कर. बाकी काही मागत नाही."

"तोवर ती बाई कुठे राहील?"

"शेरीफच्या कोठडीत."

"आणि त्या कोठडीचं कुलूप पिकेटसाठी कोण उघडणार, ऑर्विल?"

टेटने नजर वळवली. शेरीफ फितला आहे, हे हार्टविकांना तेवढ्यावरूनच कळले.

"गव्हर्नर झालास तर अशा शंभर जणी सोडवशील," टेट हळूच म्हणाला. "आज एकीसाठी सगळं घालवू नकोस. शिवाय बाहेर बसलेले पिकेटचे लोक तुला जिवंत जाऊ देणार नाहीत."

हे बोलणे वर्मी लागले, कारण हार्टविक सकाळपासून स्वतःशी तेच बोलत होते. त्यांनी लेखणी उचलली आणि तहकुबीचा हुकूम लिहिला. सही तेवढी राहिली.

न्यायालय भरले. पिकेट पुढच्या बाकावर पाय पसरून बसला होता. डॉर्कस उभी राहिली.

"तुला काही सांगायचं आहे?" हार्टविकांनी विचारले.

"साहेब, पिकेटसाहेबांनीच मला नावेत घालून इथं आणलं," ती म्हणाली. "आजवर मी कुठंच माझ्या मनानं गेले नाही. एकदा जाऊन बघायचंय."

हार्टविकांनी हुकुमाचा कागद फाडला. ते म्हणाले, "या राज्याच्या कायद्यान्वये डॉर्कस ही स्वतंत्र स्त्री आहे. शेरीफ, हिला बाहेर थांबलेल्या गाडीपर्यंत सुखरूप पोचवा."

शेरीफ जागचा हलला नाही.

तेव्हा न्यायाधीश आसनावरून उतरले, झगा न उतरवता डॉर्कससमोर गेले आणि आपला हात त्यांनी पुढे केला. "चला, बाई."

पायऱ्यांवर बंदुका उठल्या. खाली गुलामीविरोधी मंडळींची घोडागाडी उभी होती. अंतर चाळीस पावलांचे. न्यायाधीशाच्या झग्यावर गोळी झाडायला कोणी धजेना, म्हणून माणसे एकेक करून बाजूला सरकली. गाडी चार पावलांवर असताना मात्र मागून बार झाला. हार्टविकांचा उजवा कोपर फुटला. त्यांनी डाव्या हाताने डॉर्कसला गाडीत चढवले, गाडी भरधाव सुटली आणि मगच ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सभेत टेटचे नाव पुकारले गेले. तो गव्हर्नर झाला. विधिमंडळाने हार्टविकांना न्यायासनावरून दूर केले, आणि पुढली कित्येक वर्षे ते एका खोलीत छोट्यामोठ्या तंट्यांची वकिली करीत राहिले. डॉर्कस कॅनडात पोचल्याचे त्यांना फार उशिरा कळले.

सहा वर्षांनी टेटचे पत्र आले: 'तो निवाडा घाईत दिला, एवढे लिहून दे, न्यायासन पुन्हा तुझे.'

हार्टविकांनी त्या निवाड्याची जुनी प्रत काढली. तिच्याखाली आजची तारीख घातली, डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली आणि ती गव्हर्नरांच्या नावे टपालात टाकली.