गुलाबी खडकाचं पाणी

बाटलीतलं पाणी शाईच्या खुणेपासून तीन मिलिमीटर खाली उतरलं होतं. झाकणावरचं मेण शाबूत होतं. टेबलावर ओल नव्हती. मी डोळा पातळीला आणून पट्टी पुन्हा लावली. तीनच.

तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाचनंतर पाहिलं, तर पाणी परत खुणेवर आलेलं.

प्रयोगशाळेत अशा वेळी आधी तापमानाला जबाबदार धरतात. मी खोलीचं तापमान लिहून ठेवलं, ताईच्या गावाहून आणलेल्या नमुन्याच्या बाटल्या कपाटात हलवल्या, शेजारी शुद्ध पाण्याची एक बाटली ठेवली. पंधरा दिवसांत शुद्ध पाणी जागचं हललं नाही. ताईच्या गावचं मात्र रोज चारला उतरत होतं, पाचला चढत होतं. नोंदवहीत एका मंगळवारची जागा तेवढी कोरी राहिली.

शेवटी ताईला फोन केला. "पंप किती वाजता लावतेस?"

"चार ते पाच. का गं? आता लांबून माझी हजेरी घेणार का?"

ताई माझी थोरली बहीण. गावची बोअर तीच चालवते. गावाखाली गुलाबी ग्रॅनाइट आहे. त्याच्या भेगांत पाणी शेकडो वर्षं अडकून राहतं आणि खडकातलं फ्लोराइड सावकाश आपल्यात घेतं. दिसायला ते काचेसारखं, चवीला गोडसर. पण गावात कुणाचेच दात पांढरे नाहीत, आणि पन्नाशीनंतर माना वळत नाहीत. मागून हाक मारली की माणसं अख्खी वळतात.

ताईची मुलगी ठमी सहा वर्षांची. तिचे कायमचे दात हिरड्यांत अजून घडत होते, हाडं वाढत होती. दोन वर्षं तिला माझ्याकडे ठेव, तोवर गावासाठी दुसरं पाणी बघू, असं मी वर्षभर म्हणत होते. ताईचं वर्षभर एकच उत्तर होतं, "विचारून सांगते."

मला वाटायचं, भावोजींना विचारून. ते ट्रक चालवतात, महिन्यातून दोन दिवस घरी असतात. मध्ये भेटले तेव्हा मीच विषय काढला.

"मला कुणी विचारलंच नाही," ते हसून म्हणाले. "घरात माझं काय चालतंय, मेहुणीबाई? हॉर्न तेवढा माझ्या हातात."

शनिवारी मी गाडी काढून गेले. पोचले तेव्हा साडेतीन झाले होते.

"चहा टाकते," ताई म्हणाली.

"माझं पाणी आणलंय मी."

"अगं, उकळूनच देणार ना?"

"उकळून फ्लोराइड जात नाही, ताई. उलट वाढतं."

"बरं बाई, तू शिकलेली. एक पेला तरी घे. दर वेळी घेतेस."

घेतला. एका पेल्याने काही होत नाही, हे मला आकड्यांनिशी माहीत होतं.

ठमी पायरीवर बसून हलणाऱ्या दाताशी जिभेने खेळत होती. मी शेजारी बसले.

"मावशी, चारला तू पण झोपणार?"

"चारला कोण झोपतं?"

"सगळे. डोळे मिटले की गुलाबी असतं. अरुंद. आपण सगळे एकमेकांना चिकटून. कुणीच हलत नाही."

"भीती वाटते का गं?"

"नाही. तिथे खूप वेळ असतो."

"सगळे म्हणजे कोण?"

"आई. शिंपीकाका. त्यांची आजी, वारली ना, ती. आणि तू." तिने दात पुढे ढकलला. "मंगळवारी तू माझ्याच शेजारी होतीस."

त्या मंगळवारी मी प्रयोगशाळेच्या टेबलावर डोकं टेकलं होतं. पाच मिनिटं, अशी माझी समजूत होती.

मी उठले. "ताई, आजच नेते मी हिला. कपडे भरून दे."

"विचारून सांगते म्हटलं ना."

"भावोजींना तू विचारलंच नाहीस."

"त्यांना?" ताईला खरंच नवल वाटलं. "त्यांना कशाला विचारू? ते इथलं पितात कुठे?"

"मग कुणाला?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजू देत."

मी ठमीचं मनगट धरलं. गाडी वीस पावलांवर होती. ताईने अंगणातल्या खोलीत जाऊन पंपाचं बटण दाबलं आणि दाराशी येऊन टेकली.

जमिनीखालून बारीक घरघर आली.

शेजारी शिंप्याचं यंत्र टाक्याच्या मध्येच थांबलं. समोरच्या बाईच्या हातातला झाडू अर्ध्यावर राहिला. कुणी पडलं नाही, कुणी दचकलं नाही. जो जिथे होता तिथेच टेकला. ताईचे डोळे मिटले. तिचे गाल किंचित आत गेले. माझ्या डोळ्याला मापाची सवय आहे. फार नाही, तीन मिलिमीटर.

ठमीचं मनगट माझ्या मुठीत सैल झालं.

मी तिला उचललं. सहा पावलं मोजली. सातवं मोजायचं होतं.

उन्हाला रंग चढला. गुलाबी.

गाडी होती तिथेच होती, पण मला कसलीच घाई राहिली नव्हती. मी ठमीला घेऊन खाली बसले. दोन्ही बाजूंनी कुणीतरी गार, जड, अगदी जवळ आलं. श्वासापुरतीच जागा होती, आणि तेवढी पुरत होती.

मग ताई बोलली. डोळे मिटलेलेच होते. तिच्यामागून शिंपी, समोरची बाई, पलीकडची घरं. त्यांत एक म्हातारा, थकलेला आवाज होता. शब्द तेच, चाल तीच, संथ.

आणि सर्वांत जवळून, माझ्याच तोंडून:

"ती इथेच राहील."