आठवं बिस्किट

बाबा असतानाचा तो शेवटचा दिवस, आणि तिला काळजी लागली होती एका उपाशी माणसाची. भूक माणसाला किती राबवते, हे ती मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मोजत असे. त्या दिवशी ठरलेला माणूस आलाच नाही. जिन्यापाशी लिफ्ट दुरुस्त करणारा दिसला.

"सकाळपासून काही खाल्लंय तुम्ही?"

"नाही. का, डबा आणलाय?"

"बिस्किटं आहेत. पण कमवावी लागतील."

पहिल्या बिस्किटासाठी बटण दहा वेळा दाबायचं, दुसऱ्यासाठी वीस, मग चाळीस... दर वेळी दुप्पट. बटण दाबणारा बंद खोलीत एकटाच; कमावलेलं बिस्किट ती दार उघडून बशीतून आत नेऊन देई. पाचव्यापर्यंत भलेभले हात टेकत. हा मात्र हटेना.

"बोट दुखत नाही?"

"बटणं हाच माझा धंदा आहे, मॅडम!"

ती हसली. संध्याकाळी जेवताना बाबांना सांगितलं, तेही खो खो हसले. आणि पहाटे, झोपेतच, ते गेले.

तीन आठवड्यांनी ती कामावर परतली. घरी आता एकच ताट. ते वाढून घ्यायचं, समोरच्या खुर्चीकडे बघायचं आणि झाकून ठेवायचं. मावशीचा फोन आला की ठोकून द्यायचं, "जेवले गं."

आकडे तपासताना लिफ्टवाल्याचा कागद हाती आला. आठ बिस्किटं. शेवटच्यासाठी बाराशे ऐंशी वेळा बटण! आणि सुरुवातीला भुकेच्या शून्य ते शंभर पट्टीवर त्यानं केलेली खूण होती... बारावर. तिनं त्याला बोलावून घेतलं.

"माझा आलेख बिघडवलात तुम्ही. भूक नव्हती तर एवढं राबलात कशाला?"

"आदल्या रात्री लग्नघरी जेवलो होतो हो, अगदी आडवा होईपर्यंत."

"मग बिस्किटं?"

"एक खाल्लं. बाकीची हत्यारांच्या पिशवीत."

"पण का?"

तो हातातला पाना उगाच फिरवत राहिला. "दर बिस्किटाला दार उघडायचं... आणि तुम्ही यायचात."

तिची कानशिलं तापली. ती कागदाकडे बघत म्हणाली, "रद्द करावी लागेल ही नोंद."

"करा की." तो थांबला. "पण तुम्ही केवढ्या वाळलात! जेवता ना नीट?"

'हो' ओठांवर आलंच होतं, आता सवयच झाली होती त्याची. पण समोरच्या माणसानं आपलं हसं होईल हे ठाऊक असूनही खरं सांगितलं होतं.

"बाबा गेले माझे... तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

त्यानं पाना खाली ठेवला. खुर्ची ओढून तो समोर बसला. तिनं काही बोललंच पाहिजे, असं त्या बसण्यात नव्हतं. म्हणूनच ती बोलू शकली.

"मला एकटीला जेववत नाही. माझ्यासमोर बसाल... जेवायला?"