तिसरा सिलिंडर

कॉफी ओतून घ्या आणि खुर्ची जरा शेगडीकडे ओढा. ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत नाही, धंद्यावर परिणाम होतो.

जुनी गाडी घ्यायला गेलो की मी आधी गाडी नाही, घर बघतो. माणूस नीटनेटका असला की इंजिनही बहुधा शहाणं निघतं. कुणी शिकवलं नाही हे. आयुष्यभर या किनाऱ्यावरच्या हाप्सालूत जुन्या गाड्यांची देवघेव करता करता नाक तयार झालं. एकदा एका पाद्रीबाबांनी विकलेल्या गाडीच्या मागच्या सीटखालून कोंबडी निघाली होती, जिवंत आणि चांगलीच रागावलेली. तेव्हापासून सीटखालीही बघतो.

त्या फेब्रुवारीत समुद्र घट्ट गोठला आणि हीउमा बेटावर जाणारा बर्फाचा रस्ता खुला झाला. बेटावरच्या लेइदामावशीची जुनी गाडी विकत आणायची होती. जाताना ओळखीच्या एका ट्रकवाल्याबरोबर गेलो. येताना तिचीच गाडी चालवत यायचं, इतका साधा बेत.

घर बघून मन खूश झालं. पायवाटेवरचा बर्फ झाडलेला, सरपण एकसारखं रचलेलं. मावशीने राईचा पाव आणि धुरावर भाजलेला मासा पुढे ठेवला. टेबलावर ताटल्या मात्र तीन होत्या. मी विचारलं नाही.

गोठ्यात उभी गाडी सोव्हिएत काळातली, चौकोनी, हिरवी. किल्ली फिरवली आणि चारही सिलिंडर शिवणयंत्रासारखे बोलायला लागले.

"बोला मावशी, काय द्यायचं?"

"पैशाचं मग बघू. आधी ही बर्फावरून ने. पलीकडे पोचलास की मला फोन कर, आणि एवढंच सांग... मिसिंग मारते की नाही, एखादा ठोका चुकवते की नाही."

"आत्ता ऐकलंत ना? ठणठणीत आहे."

"इथे कधीच मारत नाही. आले तेवढे मेकॅनिक हेच सांगून गेले." तिने बॉनेटवरून पदराच्या टोकाने धूळ पुसावी तसा ॲप्रन फिरवला. "एंडेलची हीच गाडी सापडली होती. बर्फाच्या रस्त्यावर, मधोमध. बॉनेट उघडं, इंजिन चालू. तो नव्हता."

एंडेल म्हणजे तिचा नवरा, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शाळेत अर्धं बेट ज्याच्या हाताखाली शिकलं तो. त्याची गोष्ट मी ऐकून होतो. गावाचा निकालही ऐकून होतो. बर्फावर वाढलेला माणूस बर्फावर थांबत नाही. थांबला, म्हणजे ठरवून थांबला. गाडीत काही दोष नव्हता, तर बॉनेट कशाला उघडलं? बघणाऱ्यांना फसवायला.

"त्या दिवशी आमचं भांडण झालं नव्हतं रे," मावशी म्हणाली. "बोलणंही झालं नव्हतं. गाडीने त्याला थांबवलं, की तो मला सोडून गेला... तेवढं कळलं की पुरे. इतकी वर्षं मी लोकांच्या नजरा टाळत दुकानात जाते."

मी शब्द दिला. म्हातारीचं मन राखायचं आणि गाडी स्वस्तात पडेल, असा माझा हिशेब.

किनाऱ्यावर, बर्फाच्या रस्त्यावर गाड्या सोडणारा रायवो पहाऱ्याला होता. त्याने काचेवर टकटक केली.

"पट्टा सोड, हेइनो. बुडालास तर बाहेर कसा पडशील? की बायकोने विमा वाढवलाय?"

"बायको कुठली? मांजर आहे. तिला विम्यातलं कळत नाही."

"मग मांजरीसाठी तरी ऐक. पंचवीसच्या खाली चालव नाहीतर चाळीसच्या वर. मधल्या वेगात बर्फाखाली लाट उठते आणि बर्फ फाडते. थांबायचं तर नावच नको. धुकं येतंय, आजचा शेवटचा तू."

दोन्ही बाजूंना बर्फात रोवलेल्या जुनिपर झुडपाच्या फांद्या, एवढीच काय ती खूण. थोड्या वेळाने त्याही धुक्यातून एकेकट्या येऊन एकेकट्या जायला लागल्या. मागे बेट नाही, पुढे किनारा नाही. दुपारच होती, पण उजेड कसा, राखेतून गाळल्यासारखा.

आणि मधोमध गाडीने हिसका दिला.

टक टक टक, आणि एक जागा रिकामी. टक टक टक, आणि रिकामी. चारांतला एक ठोका गेला होता. वेग साठवरून घसरायला लागला. पन्नास. पंचेचाळीस. चाळीसच्या आत येताच मी जीव मुठीत धरून ब्रेक लावला आणि पंचवीसच्या खाली आणली. चाकांखाली बर्फ कण्हला, पण टिकला.

खरं सांगू? मला आनंद झाला. मावशीला सांगायला उत्तर मिळालं होतं. तसंच रांगत पुढे जायचं, एवढंच उरलं होतं. पण लोक म्हणाले असते, थंडीने झालं असेल, पेट्रोलमध्ये पाणी असेल. कुठला सिलिंडर, का, हे कळल्याशिवाय तोंडं बंद होणार नव्हती. शिवाय हातांना खाज असतेच.

मी थांबलो. बर्फावर वाढलेला माणूस, बॉनेट उघडून बर्फावर उभा राहिलो. असाच थांबला असेल एंडेल, हे तेव्हा कळलं.

इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उपसायची, ही जुनी रीत. ज्याची काढल्यावर इंजिन आणखी अडखळतं तो जिवंत. ज्याची काढूनही कुणाला काही फरक पडत नाही, तो मेलेला. पहिली काढली, इंजिन धापा टाकू लागलं. दुसरी, तसंच. चौथी, तसंच. तिसरी काढली... काही नाही.

इंजिन बंद केलं. शांतता इतकी, की स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं. तिसरा प्लग काढला, पेट्रोलने ओला होता; दुसऱ्याच्या जागी बसवून इंजिन चालू केलं. तिथे तो व्यवस्थित पेटला. वायर बदलली, ठिणगी निळी, लख्ख. दोष प्लगबरोबर सरकत नव्हता, वायरबरोबर सरकत नव्हता. उरला दाब. पुन्हा इंजिन बंद करून तिसऱ्याचा प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि दुसऱ्या हाताने, इंजिन हाताने फिरवायचा पुढचा हँडल फिरवला. अंगठा ढकलला गेला. दाबही होता.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, दाब आहे. आणि सिलिंडर मेलेला.

मग जाणवलं. इंजिन तापलेलं, पण अंगठ्यावर आलेली हवा गार होती. तळघराचं दार उघडल्यावर येते तशी... ओली, खारट वासाची. मी हँडल सोडला होता. हवा येतच होती. थांबून थांबून. येत होती, आणि आत जात होती.

प्लग कसा बसवला, आठवत नाही. तीन सिलिंडरवर रांगत किनारा गाठला. एकदाही आरशात पाहिलं नाही.

मातीवर चाकं लागली तरी इंजिन बंद करायची हिंमत होईना. तसाच बाहेर उभा राहून फोन लावला.

"मावशी, मारते मिसिंग. तिसरा सिलिंडर. मलासुद्धा थांबावं लागलं. कुणीही थांबला असता."

 पलीकडे ती रडत होती, की हसत होती, कळेना.

"म्हणजे तो निघून गेला नव्हता..."

"नाही मावशी."

"येत होता. घरीच येत होता." तिने नाक ओढलं. मग आवाज बदलला. "हेइनो... गाडी परत आणलीस का रे?"

"मी इकडे हाप्सालूच्या किनाऱ्यावर आहे."

"मग अंगणात काय वाजतंय?"

"मावशी, दार उघडू नका."

"का?" ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "इतकी वर्षं बंदच होतं की."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. सावकाश पावलं. कडी. आणि दार उघडलं तसं मलाही स्वच्छ ऐकू आलं. एकच ठोका, मग तीन ठोक्यांएवढी शांतता, मग पुन्हा एक. माझ्यासमोर गाडी चालू होती, टक टक टक, आणि तिची जागा जिथे रिकामी पडत होती, नेमका तिथे फोनमधला ठोका पडत होता.

मी आत वाकलो आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

फोनमधला ठोका थांबला नाही.